दिवसभर त्याच्याशी बोलायचं तरी काय?

तुमच्या पत्रातलं आधी थोडक्यात सांगते, म्हणजे हे वाचणाऱ्या बाकीच्या आयांनाही संदर्भ लागेल. मुलगा २१ महिन्यांचा आहे. आई, बाबा, आज्जी, दूदू, भू भू, नाय असे मोजकेच शब्द बोलतो. बाकी सगळं बोट दाखवून नाहीतर हात धरून ओढत नेऊन भागवतो. सांगितलेलं मात्र सगळं कळतं. शेजारची त्याच्याच वयाची मुलगी "मला बॉल दे" म्हणते. सासूबाई म्हणतात, याचा बाबाही अडीच वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता. घरात मराठी, सांभाळायला येणाऱ्या मावशींची हिंदी आणि मोबाइलवरची इंग्रजी गाणी. त्यामुळे तो गोंधळलाय, आता घरात एकच भाषा बोला, शक्यतो इंग्रजी, असं एका प्लेग्रुपमध्ये सांगितलं. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, "दिवसभर मी एकटीच बोलत असते. याच्याशी बोलायचं तरी काय आणि कसं?"

मी स्पीच थेरपिस्ट आहे, आणि हा प्रश्न माझ्यासमोर जवळजवळ रोज येतो. तुम्ही तुमचा सकाळपासूनचा दिनक्रम लिहिलाय तो बरं केलंत, कारण उत्तर त्यातच आहे. तुम्ही कमी बोलत नाही. खूप बोलता, छान बोलता, पण तुमच्या दोन वाक्यांच्या मध्ये त्याला शिरायला फट नाही. या वयाच्या मुलाला एका वाक्याला उत्तर द्यायला मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. ऐकायचं, समजून घ्यायचं, काय म्हणायचं ते ठरवायचं, मग ओठ-जीभ हलवायची. तो अजून तिसऱ्या पायरीवर असतो आणि आपण पुढचं वाक्य बोलून मोकळे होतो. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की काहीही बोललात की थांबा. मनात पाच-सात आकडे मोजा. चेहरा त्याच्याकडे, भुवया जरा वर, तोंड बंद. सुरुवातीला हे फार अवघड जातं. शांतता अंगावर येते. तरी थांबा.

त्याआधी त्याचे शब्द एकदा नीट मोजू, कारण तुम्ही लिहिलेली यादी मला अपुरी वाटते. कुत्रा दिसला की दर वेळी तो "भू भू" म्हणत असेल तर तो शब्दच. मम्मं, हम्मा, भुर्र, बाऊ, शी, सगळे शब्द धरायचे. काकाला "ताता" म्हणतो आणि फक्त काकालाच म्हणतो? धरा. मावशींकडे "पानी" मागतो? तोही धरा. मराठीतला एक, हिंदीतला एक असे दोन्हींचे मिळून मोजायचे. उच्चार बरोबर असण्याची अट नाही. तोच आवाज त्याच गोष्टीसाठी पुन्हा पुन्हा आला की झालं. फ्रिजवर एक कागद लावा आणि घरातल्या प्रत्येकाला त्यावर लिहू द्या. बहुतेक घरांत यादी अंदाजापेक्षा लांब निघते, आणि आजीला माहीत असलेले दोन-तीन शब्द आईला ठाऊकच नसतात.

आता "हे काय?" या प्रश्नाबद्दल. तुम्ही लिहिलंय की त्याला दिवसभर विचारता: हे काय, हा कुठला रंग, गाय कशी करते, पाहुणे आले की "बोलून दाखव ना काकूंना". तुमचा हेतू मला पुरता कळतो. पण त्याच्या बाजूने बघा. विचारणाऱ्याला उत्तर माहीत आहे हे त्यालाही कळतं, आणि उत्तर दिल्यावर पुढे काही घडतही नाही. "केळं" म्हटलं की "शाब्बास" मिळतं, केळं मिळतंच असं नाही. जी मुलं मुळात कमी बोलतात ती अशा प्रश्नांना आणखी गप्प होतात. दहातला एखादा प्रश्न ठेवा. बाकीच्या वेळी, तो जे बघतोय तेच तुम्ही बघा आणि त्याबद्दल एक छोटं वाक्य बोला.

एक प्रसंग जरा सविस्तर मांडते, कारण हे सांगून कळत नाही, दिसावं लागतं. थंडीच्या दिवसांत घरोघरी मटार सोलले जातात. आजी परात घेऊन बसल्या आहेत. तो येतो, एक शेंग उचलतो आणि तुमच्याकडे बघतो. नेहमी काय होतं? "हे काय आहे रे? मटार! म्हण मटार. म-टा-र. म्हण ना." तो शेंग तोंडात घालतो आणि निघून जातो.

आता तोच प्रसंग दुसऱ्या तऱ्हेने. तुम्ही खाली जमिनीवर बसा, म्हणजे तुमचा चेहरा त्याच्या डोळ्यांसमोर येईल. तो शेंग उचलतो. तुम्ही नुसतं बघता. काही बोलत नाही. तो शेंग पुढे करून "अं!" म्हणतो. तुम्ही म्हणता, "उघडू?" आणि पुन्हा थांबता. तो शेंग तुमच्या हातात कोंबतो. "हं. उघडते. उघड... उघड... टक्!" शेंग फुटते, दाणे परातीत पडतात, तो हसतो. तुम्ही गप्प. तो दुसरी शेंग आणतो. आता तुम्ही दोन्ही हातांत शेंग धरून थांबता, चेहरा उत्सुक. तो म्हणतो, "तत्!" तुम्ही लगेच: "टक्! उघडली!" तिसऱ्या शेंगेला कदाचित "उघ" येईल. नाही आलं तरी काही बिघडलं नाही. चौथ्या वेळी तुम्ही विचारता, "अजून?" आणि तो स्वतःच परातीकडे वळतो. पाच मिनिटांत त्याने आठ-दहा वेळा तुमच्याशी देवाणघेवाण केली, त्यातले दोन-तीन वेळा तोंडाने. भाषा अशी येते. (दाणे नाकात घालण्याचं हेच वय आहे आणि घशातही अडकू शकतात, तेव्हा नजर मात्र हटवू नका.)

या खेळात "मटार" हा शब्द फारसा आलाच नाही, ते मी मुद्दाम केलं. आपण मुलांना नावं शिकवायच्या मागे असतो. भिंतीवर फळांचा तक्ता, रंगांचा तक्ता, प्राण्यांचा तक्ता. पण "सफरचंद" आणि "जांभळा" हे शब्द २१ महिन्यांच्या मुलाच्या दिवसात किती वेळा लागतात? "उघड" हा शब्द डब्याला लागतो, दाराला लागतो, चपलेच्या पट्ट्याला लागतो. तसेच अजून, दे, घे, ये, नको, संपलं, पडलं, गेला, आला, वर, खाली, बंद. यांच्याशिवाय दोन शब्दांची जोडी जमत नाही. "गाय केळं" असं कोणी बोलत नाही. "अजून केळं", "बाबा गेला", "पाणी संपलं" असं बोलतात. ज्याच्याकडे तीस प्राण्यांची नावं आहेत पण "दे" नाही आणि "गेला" नाही, ते मूल जोडवाक्यापाशी अडतं. असं मी वारंवार पाहिलंय, विशेषतः तक्ते आणि व्हिडिओ यांवर वाढलेल्या मुलांमध्ये.

त्याने एक शब्द काढला की त्यावर तुम्ही एकच शब्द चढवायचा. तो म्हणाला "गाडी". तुम्ही म्हणा "गाडी गेली". किंवा "बाबाची गाडी". एवढंच. "हो, बघ ना किती मोठी लाल गाडी आली, त्यात कोण बसलंय, आपण पण जायचं का आजीकडे" हे त्याच्या डोक्यावरून जातं. गोष्ट सांगताना लांब वाक्यं जरूर बोला, त्याचीही त्याला गरज आहे. पण त्याने काही बोलल्यावरचं उत्तर आखूड हवं.

संशोधनही याच दिशेला जातं. २०१८ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी ४ ते ६ वर्षांच्या मुलांच्या घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित करून तपासलं होतं. मुलांच्या कानावर एकूण किती शब्द पडले यापेक्षा, मूल आणि मोठं माणूस यांच्यात आळीपाळीने किती बोलणं झालं याचा संबंध मेंदूच्या भाषेशी निगडित भागाच्या कामाशी जास्त दिसला. ती मुलं तुमच्या मुलापेक्षा मोठी होती हे खरं, पण आळीपाळीचा हा मुद्दा लहान वयात तर आणखीच लागू पडतो असं माझा रोजचा अनुभव सांगतो.

थांबायला निमित्त मिळावं म्हणून घरातल्याच गोष्टी थोड्या अडवून ठेवता येतात. बिस्किटाचा डबा घट्ट लावून त्याच्या हातात द्या. एकाच पायात चप्पल घाला आणि दुसरी हातात धरून बसा. आंघोळीला तांब्या रिकामा धरा. तो बघेल, कुरकुरेल, काहीतरी करेल. जे करेल ते उत्तर म्हणून स्वीकारा: आवाज, हात, नजर, काहीही. तुम्ही शब्द द्या, "पाणी? पाणी घाल!" आणि पाणी घाला. पण "दूध म्हण, तरच देईन" हे कृपा करून करू नका. भुकेल्या मुलाला शब्दासाठी अडवलं की तो बोलणं शिकत नाही, रडणं शिकतो. थांबणं म्हणजे संधी देणं. दहा सेकंदांत काही आलं नाही तर शब्द तुम्ही म्हणा आणि वस्तू देऊन टाका.

जेवताना मोबाइल. तुम्ही स्वतःच लिहिलंय की त्याशिवाय तो घास घेत नाही. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको, अपवाद फक्त नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलचा. दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. मला यात स्क्रीनपेक्षा जेवणाची जास्त हळहळ वाटते. दिवसातून तीन-चार वेळा, रोज त्याच ठिकाणी, तीच ताटली, तीच माणसं, तेच शब्द: गरम, फू कर, अजून, नको, संपलं, सांडलं. भाषेसाठी याहून चांगला वर्ग कुठे मिळणार आहे? आणि त्या वेळी त्याचे डोळे पडद्यावर असतात. एकदम सगळं बंद करू नका, घरात रणकंदन होईल. सकाळच्या नाश्त्यापासून सुरुवात करा, जेव्हा तो भुकेला आणि ताजातवाना असतो. त्याला स्वतःच्या हाताने खाऊ द्या, सांडू द्या. तीन-चार दिवस कमी खाईल. निरोगी मूल तेवढ्याने खंगत नाही. वजनाची चिंता असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि बैठकीतला टीव्ही कोणी बघत नसताना चालू असेल तर तो बंद करा. त्या आवाजात त्याला तुमचे शब्द वेगळे काढता येत नाहीत, आणि मोठी माणसंही नकळत कमी बोलतात.

भाषांबद्दल मात्र मला ठामपणे बोलायचंय. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने मूल गोंधळत नाही आणि त्यामुळे उशिरा बोलायला लागत नाही. आपल्याकडे सोलापुरात, बेळगावात, नागपुरात पिढ्यान्‌पिढ्या मुलं दोन-तीन भाषांत वाढली आहेत. "एकच भाषा, आणि तीही इंग्रजी" हा सल्ला मी किती घरांत मोडीत काढलाय सांगू! आईला जी भाषा सहज येते, जिच्यात तिला राग येतो, लाड करता येतात, गोष्ट रचता येते, ती भाषा तिने मुलाशी बोलावी. तुमची मराठी आहे, मराठीच बोला. मावशींना हिंदी बोलू द्या, त्यांना अडखळत मराठी बोलायला लावू नका. अडखळत्या इंग्रजीत "कम हिअर बेटा, सिट डाऊन" एवढ्यावर थांबणारी आई आपल्या मुलाला स्वतःच्या भाषेतली हजार वाक्यं नाकारते, आणि हे पाहून मला मनापासून वाईट वाटतं. इंग्रजी शाळेत येईल. येतेच.

आणखी काही महिन्यांनी तो वाक्यं बोलायला लागेल तेव्हा घाबरू नये म्हणून आत्ताच सांगून ठेवते. दिवसभर आई आणि आजीजवळ असणारा मुलगा बऱ्याचदा "मी जाते", "मी खाते" म्हणतो. त्याने तेच ऐकलेलं असतं. त्यावरून हसू नका आणि पाहुण्यांपुढे सांगूही नका. "हो, तू जातोस? बाबा पण जातो" असं म्हणत पुढे चला, आपोआप सुधारतं. "मला दूध पाहिजे" ऐवजी "तुला दूध पाहिजे" म्हणेल, कारण तुम्ही त्याला "तुला दूध पाहिजे का?" असं विचारता. काकाचा ताता, गाडीची दादी, रोटीची लोटी होईल. क, ग हे आवाज साधारण तीन-साडेतीन वर्षांपर्यंत जागेवर येतात, र आणि ळ यायला त्याहून जास्त वेळ लागतो. "असं नाही, असं म्हण" म्हणून थांबवू नका. तुमच्या वाक्यात तो शब्द स्वच्छ म्हणा, तेवढं पुरे. भू भू, माऊ, मम्मं हे लाडाचे शब्द खुशाल वापरा. फक्त तो "दादी" म्हणतो म्हणून तुम्हीही गाडीला "दादी" म्हणू नका.

"नाय" हा शब्द त्याच्याकडे आलाय आणि तो दिवसभर वापरतो अशी तुमची तक्रार आहे. माझ्या लेखी हा त्याचा सगळ्यात कामाचा शब्द आहे. त्याला दोन गोष्टी दाखवून निवड करू द्या: "निळा शर्ट की पिवळा?" दोन्ही हातांत धरा, थांबा. हो-नाहीचा प्रश्न विचारलात की "नाय" येणारच. जिथे पर्याय नाही तिथे प्रश्न विचारू नका. "आंघोळ करायची का?" असं विचारून, तो नाही म्हणाल्यावर त्याला उचलून नेणं हा अन्याय आहे. "आता आंघोळ. बादलीत काय टाकायचं, बदक की पेला?" असं विचारा.

आता काळजी कधी करायची. सासूबाई सांगतात ते खोटं नाही. उशिरा बोलणं घराण्यात असू शकतं, मुलगे मुलींपेक्षा थोडे मागेही असतात, आणि उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे बरोबरीला येतात. पण आपलं मूल त्यातलं आहे की नाही हे आज कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. म्हणून वाट बघत बसायचं नाही, तपासणी करून घ्यायची. त्याला सूचना कळतात, तो बोट दाखवतो, तुम्हाला ओढून नेतो, या सगळ्या चांगल्या खुणा आहेत. फक्त ओढून नेताना तुमच्या तोंडाकडे बघतो का, आणि नुसतं मागण्यासाठीच नव्हे तर गंमत दाखवायलाही बोट करतो का ("बघ, विमान!"), एवढं जरा निरखा. नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, बोट दाखवत नसेल, नजरेला नजर देत नसेल किंवा आधी येणारे शब्द बोलेनासा झाला असेल, तर एक दिवसही थांबू नये. बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन विकासाची तपासणी करून घ्यावी. दोन वर्षं पूर्ण झाली आणि "बाबा ये", "अजून दूध" अशा दोन शब्दांच्या जोड्या नाहीत, शब्दही पन्नासच्या आसपास नाहीत, तरी दाखवावं.

आणि कान. हे मी सगळ्यांना सांगते, ज्यांना "छे, त्याला सगळं ऐकू येतं" याची खात्री आहे त्यांनाही. तुम्ही लिहिलंय की पावसाळ्यापासून त्याला सर्दी सतत आहे. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांत कानाच्या पडद्यामागे पाणी साठू शकतं. दुखत नाही, वाहत नाही, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. ताट पडल्याचा आवाज त्याला येतो, पण "स", "त", "क" असे बारीक आवाज पुसट होतात. जन्माच्या वेळची चाचणी नॉर्मल होती म्हणून आज नॉर्मल असेलच असं नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांना कान दाखवा आणि ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञांकडून) टिम्पॅनोमेट्री, म्हणजे पडदा नीट हलतो का हे बघणारी चाचणी, आणि ओएई, म्हणजे आतला कान आवाजाला प्रतिसाद देतो का हे बघणारी चाचणी, करून घ्या. दोन्ही काही मिनिटांत होतात आणि दुखत नाहीत. गरज वाटली तर ते झोपेत करायची बेरा चाचणी सांगतील, तीत आवाज कानापासून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात. जीभ चिकटलेली आहे म्हणून बोलत नाही, असंही कोणी सांगेल. त्याने फार तर काही उच्चारांवर परिणाम होतो, शब्दच येत नाहीत असं होत नाही. वेखंड उगाळून चाटवू नका, त्याने बोलणं येत नाही.

खासगी तपासणी परवडत नसेल तर अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे चौकशी करा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे, त्याचं पथक अंगणवाडीत येऊन मुलांना तपासतं. पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवर डीईआयसी, म्हणजे लवकर उपचारांचं केंद्र असतं, तिथे खर्च येत नाही. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. ऐकणं आणि बोलणं या दोन्हींची तपासणी तिथे एका छताखाली होते.

जाताना फ्रिजवरचा तो कागद बरोबर घ्या. आणि मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा एक व्हिडिओ काढून न्या. तो एकटा नको, तुम्ही आणि तो दोघंही दिसले पाहिजेत, जेवताना किंवा खेळताना. नव्या जागी, पांढऱ्या कोटासमोर मुलं तोंड उघडत नाहीत, मग घरी बोलतो की नाही हे आम्हाला कळायला मार्ग नसतो. व्हिडिओ काढताना "बोल, बोल" म्हणू नका. तुम्ही मटार सोलत बसा, फोन मावशींच्या हातात द्या.